जोडीचे स्विच, लूप आणि मल्टिकास्ट



आपल्या मंडळाच्या सभासदांची यादी काढली तर दर दुसऱ्या घरात कोणीतरी आयटीत सापडेल. त्यातही सॉफ्टवेअरवाल्यांचं बरं असतं, केलेलं काम निदान स्क्रीनवर दाखवता येतं. आम्हा नेटवर्कवाल्यांचं काम नीट चाललं तर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बिघडलं की रात्री तीन वाजता फोन वाजतो. मग शेजारी झोपलेल्या माणसाला प्रश्न पडतो की "स्विच बिघडला" यात एवढं उठून बसण्यासारखं काय आहे? दिव्याचंच तर बटण!

या लेखात आम्ही त्याच स्विचबद्दल लिहिणार आहोत, आणि तेही एकट्याबद्दल नाही तर जोडीने बसवलेल्या दोन स्विचबद्दल. सुरुवातीचा भाग घरातल्या सर्वांसाठी आहे. मधला भाग थोडा तांत्रिक आहे, तो ज्यांना उद्या ऑफिसात हेच करायचं आहे त्यांच्या उपयोगी पडावा. बाकीच्यांनी तो वरवर वाचला तरी चालेल.

दोन स्विच कशाला?

एखाद्या इस्पितळाचं उदाहरण घेऊ. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर एक स्विच. त्याला डॉक्टरांचे कॉम्प्युटर, फोन, खोल्यांमधले टीव्ही, एक्स-रेची यंत्रं जोडलेली. हे सगळे मजले तळघरातल्या एका मोठ्या स्विचला येऊन मिळतात. तो मोठा स्विच बंद पडला तर सगळं इस्पितळ बंद. म्हणून तिथे एकाऐवजी दोन ठेवतात, आणि प्रत्येक मजल्यावरून दोघांकडेही एकेक तार नेतात. एक गेला तरी दुसरा आहे.

इथेच घोळ सुरू होतो. दोन मोठे स्विच एकमेकांना जोडलेले, आणि मजल्याचा स्विच त्या दोघांनाही जोडलेला. म्हणजे त्रिकोण झाला. या त्रिकोणात एखादा निरोप सोडला तर तो गोल गोल फिरत राहतो. यालाच लूप म्हणतात.

निरोप फिरत राहतो म्हणजे नेमकं काय, ते व्हॉट्सअ‍ॅपवरून चटकन कळेल. मावशीने एक सुविचार माहेरच्या ग्रुपवर टाकला. मामेबहिणीने तो सासरच्या ग्रुपवर ढकलला. तिथून कोणीतरी शाळेच्या ग्रुपवर, आणि शाळेच्या ग्रुपवरून तो परत मावशीकडे. आपणच पाठवला होता हे मावशीच्या लक्षात नाही, म्हणून तिने तो पुन्हा माहेरच्या ग्रुपवर टाकला. स्विचचं अगदी असंच असतं. "सगळ्यांसाठी" म्हणून आलेला निरोप तो आला त्या दारातून सोडून बाकीच्या सगळ्या दारांतून पुढे पाठवतो, आणि आधी पाठवला होता हे त्याला आठवत नाही. फरक इतकाच की मावशी दिवसातून दोनदा फोन बघते, आणि एक गिगाबिटच्या तारेतून सगळ्यात लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. दोन-तीन सेकंदांत तार तुडुंब भरते आणि खऱ्या कामाचा एक निरोपही पुढे सरकत नाही.

आयपी पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. प्रत्येक राउटरपाशी तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून दिलं जातं. त्यामुळे राउटरांमधे लूप झाला तरी पाकिटं कधीतरी मरतात. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. ती मरत नाही. लूप तोडेपर्यंत फिरत राहते. आमच्या मते पुढची सगळी यातायात या एका उणिवेपायी आहे.

बॉस्टनचे चार दिवस

हे फक्त पुस्तकात होत नाही. नोव्हेंबर २००२ मधे बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटर या मोठ्या इस्पितळाचं नेटवर्क सुमारे चार दिवस जवळजवळ बंद होतं. वर्षानुवर्षं एकाला एक जोडत स्विचचं जाळं वाढत गेलेलं. लूप टाळणारी जी स्पॅनिंग ट्री नावाची व्यवस्था, तिच्यात दोन टोकांमधे फार तर ७ टप्पे असावेत असं गृहीत धरलेलं असतं. ती मर्यादा केव्हाच ओलांडली गेली होती. त्यात एका संशोधकाच्या कामातून प्रचंड माहिती नेटवर्कवर लोटली गेली आणि स्विचचं आपापसातलं बोलणंच विस्कटलं. इस्पितळाला कागद-पेनावर यावं लागलं. तपासण्यांचे निकाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं हाताने लिहून माणसांकरवी पाठवलं गेलं. ज्या तरुण डॉक्टरांनी कागदावर कधी काम केलंच नव्हतं, त्यांची काय धांदल उडाली असेल याची कल्पना करा.

तिथले माहिती विभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी नंतर ही सगळी हकीकत लपवून न ठेवता उघडपणे सांगितली. त्यामुळेच आज वीसहून अधिक वर्षांनीही नेटवर्क शिकवताना तिचा दाखला दिला जातो. मोठ्या संस्था असा प्रसंग सहसा दाबून टाकतात, म्हणून याचं आम्हाला विशेष वाटतं.

स्पॅनिंग ट्री

ही स्पॅनिंग ट्री शोधली रेडिया पर्लमन यांनी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना, आणि तिच्यावरचा निबंध १९८५ मधे प्रसिद्ध झाला. (त्या निबंधाच्या सारांशाच्या जागी बाईंनी चक्क एक कविता घातली! आपल्याकडच्या कुठल्या गाईडने हे चालवून घेतलं असतं?) पुढे १९९० मधे ते आयट्रिपलईचं प्रमाण झालं.

कल्पना सोपी आहे. सगळ्या स्विचनी मिळून एकाला मूळ, म्हणजे रूट, निवडायचं. मग प्रत्येकाने मुळाकडे जाणारी सर्वात जवळची एकच वाट उघडी ठेवायची आणि बाकीच्या तारा जोडलेल्या असूनही झाकून ठेवायच्या. झाडाला फांद्या असतात, पण कुठल्याही दोन फांद्या पुढे जाऊन पुन्हा जुळत नाहीत, म्हणून लूप नाही. उघडी वाट तुटली की झाकलेली उघडायची. स्विच दर दोन सेकंदांनी "मी इथे आहे" असा छोटा निरोप पाठवत असतात, त्याला बीपीडीयू म्हणतात. त्यावरून हे सगळं ठरतं.

यात दोन खुब्या आहेत. पहिली म्हणजे रूट कोण होणार हे तुम्ही सांगितलं नाही तर स्विच आपसात ठरवतात. सगळ्यांची प्राथमिकता कारखान्यातून ३२७६८ अशी सारखीच येते, मग ज्याचा मॅक पत्ता लहान तो जिंकतो. बऱ्याचदा तो सगळ्यात जुना, कुठल्यातरी कोपऱ्यातल्या कपाटात धूळ खात पडलेला स्विच निघतो आणि साऱ्या इमारतीची वाहतूक त्याच्या दिशेने वळते. म्हणून मोठ्या स्विचची प्राथमिकता हाताने ४०९६ करायची. आकडा लहान तेवढा मान मोठा. दुसरी खुबी वेळेची. मूळच्या पद्धतीत तार तुटल्यावर दुसरी वाट उघडायला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मधे आलेल्या रॅपिड पद्धतीने तो वेळ बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांवर, कधी त्याहूनही खाली आणला. आज जुनी पद्धत चालू ठेवायला काही कारण उरलेलं नाही.

पण झाकलेल्या तारेचे पैसे तर आपण भरलेले असतात ना! दोन तारा घेतल्या आणि एक कायम रिकामी. मराठी माणसाला हे पटणं कठीण. व्यवस्थापनालाही पटत नाही. त्यातूनच जोडीचे स्विच आले.

एक संसार, दोन डोकी

सिस्कोच्या नेक्ससवर याला व्हीपीसी म्हणतात, अरिस्टावर एमएलएजी, जुनिपरवर एमसी-लॅग. नावं वेगळी, मतलब एकच. दोन मोठे स्विच मजल्यावरच्या स्विचला असं भासवतात की आम्ही एकच आहोत. खालचा स्विच दोन्ही तारांची एक मोळी बांधतो, दोन्ही तारा वापरतो, आणि झाकून काही ठेवावं लागत नाही. मात्र आतून दोघांची डोकी वेगळी असतात, म्हणून त्यांच्यात दोन नाती लागतात. एक जाड तार, पीअर लिंक, तिच्यावरून माहितीची देवाणघेवाण होते. आणि एक बारीक तार, कीपअलाइव्ह, तिच्यावरून दर सेकंदाला फक्त "जिवंत आहेस ना?" एवढंच विचारलं जातं.

मग लूप का होत नाही? यासाठी एक नियम आहे, आणि व्हीपीसी शिकताना दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हा ठेवा. पीअर लिंकवरून जोडीदाराकडून आलेली फ्रेम व्हीपीसीच्या कुठल्याही पोर्टातून बाहेर सोडायची नाही. कारण जोडीदाराने ती त्याच्या बाजूच्या तारेने आधीच खाली पोचवलेली असते. जोडीदाराची त्या मजल्याकडची तार तुटलेली असेल तरच अपवाद. हा नियम हार्डवेअरमधेच बसवलेला असतो, त्याला बीपीडीयूची वाट पाहावी लागत नाही.

आता मांडणीचा क्रम. तो आम्ही पाळतो तसा सांगतो.

सर्वात आधी कीपअलाइव्ह. तिला मॅनेजमेंट पोर्टावरून स्वतंत्र वाट द्यायची. ती पीअर लिंकवरूनच नेली तर एका तारेबरोबर दोन्ही नाती तुटतात. तसं झालं की दोघांनाही वाटतं जोडीदार गेला, आता घर मीच चालवायचं. दोघेही प्रमुख, दोघेही मनाला येईल तसं करणार. याउलट फक्त पीअर लिंक तुटली आणि कीपअलाइव्ह शाबूत राहिली, तर दुय्यम स्विच समजुतीने आपले व्हीपीसी पोर्ट बंद करून बाजूला होतो आणि कारभार एकाच्या हाती राहतो.

मग डोमेन क्रमांक. जोडीतल्या दोघांचा तो सारखाच हवा, पण शेजारी दुसरी जोडी असेल आणि तिच्याशी थेट तारा जोडायच्या असतील तर त्या जोडीचा वेगळा. मोळी बांधताना सांगितली जाणारी ओळख याच आकड्यावरून तयार होते. सगळीकडे १ लिहून मोकळं होण्याची सवय इथे नडते.

पीअर लिंकसाठी निदान दोन पोर्ट, आणि मोठ्या चासिसमधे ते वेगवेगळ्या कार्डांवर. व्हीपीसीवरून जाणारा प्रत्येक व्हीलॅन पीअर लिंकवरही हवा. नवीन व्हीलॅन एकाच स्विचवर तयार करून दुसऱ्यावर विसरणं हा या क्षेत्रातला सर्वात लोकप्रिय घोळ आहे. स्विच स्वतःहून दोन्हीकडची मांडणी ताडून बघतो आणि काही गंभीर फरक दिसले तर व्हीपीसी उभंच करत नाही. त्याचा राग न मानता तो काय म्हणतो ते वाचावं.

मजल्यावरच्या स्विचकडे जाणारी मोळी एलएसीपीने बांधायची. "ऑन" म्हणजे बिनचौकशीची मोळी बांधू नये. तार चुकीच्या भोकात गेली तर एलएसीपीला कळतं, "ऑन"ला कळत नाही, आणि तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

"व्हीपीसी आहे तर स्पॅनिंग ट्री कशाला, काढून टाका" असं म्हणणारे लोक प्रत्येक ऑफिसात भेटतात. आम्ही ठामपणे नाही म्हणतो. व्हीपीसीचा नियम तुम्ही आखलेल्या तारांपुरता आहे. चौथ्या मजल्यावर कोणी टेबलाखालून एक तार काढून भिंतीतल्या दोन्ही सॉकेटांत खुपसली तर तिला व्हीपीसी काय करणार? तिथे स्पॅनिंग ट्रीच लागते. म्हणून पीअर-स्विच चालू करून दोघांचीही प्राथमिकता ४०९६ ठेवायची, म्हणजे खालच्यांना दोघे मिळून एकच रूट दिसतो. कॉम्प्युटर-फोनच्या पोर्टांना एज म्हणायचं आणि त्यांच्यावर बीपीडीयू गार्ड लावायचा. त्या पोर्टावर बीपीडीयू आला याचा अर्थ पलीकडे कॉम्प्युटर नसून स्विच आहे किंवा आपलीच तार परत आली आहे. पोर्ट तत्काळ बंद. खालच्या मजल्यांकडे जाणाऱ्या पोर्टांवर रूट गार्ड, म्हणजे कोणी जुना स्विच आणून जोडला तरी तो राजा होऊ शकणार नाही. पीअर लिंकवर मात्र रूट गार्ड लावायचा नाही.

मल्टिकास्ट म्हणजे काय

आता टीव्हीकडे वळू. इस्पितळात २०० टीव्ही आहेत आणि सगळ्यांवर क्रिकेटचा एकच सामना चालू आहे. एका चित्राला ८ मेगाबिट धरा. प्रत्येक टीव्हीसाठी वेगळी प्रत पाठवली तर १६०० मेगाबिट झाले. सर्व्हरची एक गिगाबिटची तार तिथेच संपली. सर्वांना सरसकट पाठवलं, दवंडी पिटल्यासारखं, तर एक्स-रेच्या यंत्रालाही क्रिकेट बघावं लागेल. मधला मार्ग मल्टिकास्टचा. सर्व्हरने एकच प्रत सोडायची, आणि जिथे वाटेला फाटा फुटतो तिथेच, ज्या फाट्यावर मागणी आहे त्यापुरती झेरॉक्स काढायची. सर्व्हरच्या तारेवर ८ मेगाबिट, मग बघणारे २०० असोत की २०००. ही कल्पना स्टीव्ह डिअरिंग यांची. स्टॅनफर्डमधे असताना त्यांनी ती मांडली आणि १९८९ मधे तिचं आरएफसी १११२ झालं.

साहजिकच प्रश्न येईल, मग आपण गणपतीची आरती यूट्यूबवर लाइव्ह दाखवतो ते मल्टिकास्ट का? नाही. मल्टिकास्ट एका संस्थेच्या किंवा एका इंटरनेट कंपनीच्या हद्दीत चालतं. कंपन्या एकमेकींची मल्टिकास्ट वाहतूक सहसा घेत नाहीत. यूट्यूब प्रत्येक प्रेक्षकाला वेगळीच प्रत पाठवतं, फक्त जवळच्या सर्व्हरवरून. १९९० च्या दशकात इंटरनेटभर मल्टिकास्ट पसरवायचा एमबोन नावाचा प्रयोग झाला होता, आणि नोव्हेंबर १९९४ मधे रोलिंग स्टोन्सच्या एका कार्यक्रमाचा भाग त्यावरून दाखवला गेला होता. पण ते रुजलं नाही.

जिथे रुजलं तिथे मात्र त्याच्यावाचून चालत नाही. शेअर बाजारांचंच घ्या. भावाची प्रत्येक हालचाल शेकडो दलालांच्या कॉम्प्युटरांना एकाच वेळी पोचायला हवी. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधे पूर्वी टिक-बाय-टिक माहिती टीसीपीने, म्हणजे प्रत्येकाला वेगळी, एकामागून एक दिली जाई. जो आधी जोडला जाई त्याला ती आधी मिळे. हाच पुढे गाजलेल्या को-लोकेशन प्रकरणाचा गाभा. २०१४ च्या सुमारास तिथे मल्टिकास्ट आलं. सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात एक्स्चेंजला ६२४.८९ कोटी रुपये व्याजासह भरायला सांगितले होते. जानेवारी २०२३ मधे अपील न्यायाधिकरणाने ते रद्द करून १०० कोटी भरायला सांगितले. कायद्याच्या बाजूबद्दल आम्ही बोलणार नाही. पण पाकिटं युनिकास्टने वाटायची की मल्टिकास्टने, या आम्हा लोकांच्या रटाळ वाटणाऱ्या प्रश्नावर शेकडो कोटींचा वाद होऊ शकतो, हे घरच्यांना सांगायला बरं पडतं.

राउटरचं काम

मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५. त्यातले २३९ ने सुरू होणारे संस्थेच्या आत वापरायचे. टीव्हीला वाहिनी हवी असली की तो आयजीएमपी नावाच्या भाषेत "मला २३९.१०.१.१ हवं" असं म्हणतो. राउटर आपसात पिम या भाषेत बोलतात. पिम स्पार्स मोडमधे एक राउटर आरपी असतो. तो म्हणजे आपलं वधूवर सूचक मंडळ समजा. पाठवणारा तिथे नाव नोंदवतो, मागणारा तिथे चौकशी करतो. गाठ पडली की दोन्ही पक्ष थेट बोलतात, मंडळ मधून बाजूला होतं.

इथे लूप कसा टाळतात? मल्टिकास्टची प्रत फाट्याफाट्यावर निघते, म्हणजे लूप झाला तर नुसती फिरणार नाही, वाढत जाईल. त्यावर उपाय म्हणजे आरपीएफ तपासणी. पाकीट आलं की राउटर ते कुठे जायचंय हे नंतर बघतो. आधी बघतो की ते कोणाकडून आलं, आणि त्या माणसाकडे जायचं झालं तर आपण कुठल्या रस्त्याने जाऊ. कोल्हापूरहून आलेलं पत्र नागपूरच्या रस्त्याने दारात आलं, तर ते फिरून आलेलं आहे, टाकून द्या. तपासणी इतकीच, पण चोख.

याचा दुसरा अर्थ असा की साध्या राउटिंगमधे थोडा वाकडेपणा असेल तर ईमेल, वेब सगळं चालतं आणि मल्टिकास्ट मात्र मुकाट्याने मरतं. मल्टिकास्ट बंद पडलं की आम्ही आधी मल्टिकास्टकडे बघतच नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे जायचा रस्ता कुठला आहे ते बघतो. "शो आयपी एमराउट" मधे आत येणारा इंटरफेस चुकीचा किंवा रिकामा दिसला की निम्मं निदान झालं.

जोडीच्या स्विचवर हे बसवताना दोघांवरही पिम स्पार्स मोड लावायचा, टीव्हीच्या व्हीलॅनवर आणि वर जाणाऱ्या तारांवरही. टीव्हीची मागणी मोळीतल्या कुठल्याही एका तारेने वर येते, म्हणजे ती दोघांपैकी एकालाच ऐकू जाते. तो ती पीअर लिंकवरून जोडीदाराला कळवतो, म्हणून दोघांच्याही वहीत नोंद असते. पण टीव्हीला दोन प्रती गेल्या तर चित्र फुटेल. वरच्या राउटरांकडून येणाऱ्या प्रवाहासाठी नेक्सस असं ठरवतो की ज्याचा पाठवणाऱ्याकडे जायचा रस्ता जवळचा, त्याने वाढायचं. दोघांचं अंतर सारखं असेल तर प्रमुखाने. हे माहीत नसलं की दुसऱ्या स्विचवरचे आकडे शून्य बघून माणूस उगाच घाबरतो आणि चालू असलेलं काहीतरी बदलतो.

आरपी दोघांनाही करायचा. दोघांच्या लूपबॅकवर एकच पत्ता, उदाहरणार्थ १०.२५५.२५५.१, आणि त्याखेरीज प्रत्येकाचा स्वतःचा वेगळा. मग एनीकास्ट आरपीच्या यादीत दोघांचेही खरे पत्ते, दोन्ही स्विचवर. एक सावधगिरी: तो सामायिक पत्ता ओएसपीएफचा राउटर आयडी होता कामा नये, तो हाताने खऱ्या पत्त्यावर बांधावा. दोन राउटर एकच नाव सांगू लागले तर ओएसपीएफ गोंधळतो आणि तो गोंधळ मल्टिकास्टच्या माथी मारला जातो.

फायरवॉल किंवा बाहेरचा राउटर व्हीपीसीच्या मोळीवर टांगून त्याच्याशी पिमची शेजारगिरी करायचा मोह टाळावा. त्याला दोन्ही स्विचकडे साध्या, वेगळ्या राउटेड तारा द्याव्यात. दोन पोर्ट जास्त जातील, झोप मिळेल.

चार मिनिटं वीस सेकंद

आता आमचा आवडता बिघाड. टीव्ही लावला, चित्र सुरेख, सगळे खूश, साहेब बघून गेले. चार मिनिटांनी चित्र थिजलं. वाहिनी बदलून परत लावली, पुन्हा चार मिनिटं चालली.

स्विचमधे आयजीएमपी स्नूपिंग असतं. टीव्ही काय मागतोय ते स्विच कान देऊन ऐकतो आणि त्याच पोर्टाला प्रवाह देतो. पण ही नोंद कायमची नसते. कोणीतरी दर १२५ सेकंदांनी "अजून कोणाला हवंय का?" असं विचारावं लागतं. पंगतीत वाढपी पुन्हा फेरी मारतो तसं. या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. त्याच्या दोन फेऱ्या आणि वर उत्तरासाठी १० सेकंद, मिळून २६० सेकंदांत नोंद ताजी झाली नाही तर स्विच ती पुसतो. २६० सेकंद म्हणजे चार मिनिटं वीस सेकंद. व्हीलॅनवर पिम लावलेला राउटर असेल तर तो आपोआप विचारतो. नुसता स्विचपुरता व्हीलॅन असेल तर स्नूपिंग क्वेरियर हाताने चालू करून त्याला एक पत्ता द्यावा लागतो. अशा वेळी पुष्कळजण स्नूपिंगच बंद करतात आणि "झालं दुरुस्त" म्हणतात. झालेलं काही नसतं, प्रवाह फक्त सगळ्या पोर्टांवर सांडू लागलेला असतो.

याच जातीच्या आणखी काही गोष्टी. २३९.०.०.५ सारखे पत्ते वाहिन्यांना देऊ नयेत. आयपी पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात उतरतात, त्यामुळे ३२ वेगवेगळ्या पत्त्यांचा मॅक एकच होतो, आणि वरचा पत्ता ओएसपीएफच्या २२४.०.०.५ शी जुळतो. तिथली वाहतूक स्विच सगळीकडे सोडतातच. २३९.१२८.०.५ चंही तेच. दुसरं, बरीच सॉफ्टवेअरं मल्टिकास्ट पाठवताना टीटीएल १ ठेवतात. त्याच व्हीलॅनवर चित्र दिसतं, पुढच्या व्हीलॅनवर नाही, आणि दोष राउटरला. आणि वादळ रोखायला लावलेल्या स्टॉर्म कंट्रोलमधे मल्टिकास्टची मर्यादा लावताना टीव्हीचे मेगाबिट मोजूनच लावा, नाहीतर तुमचाच पहारेकरी क्रिकेट बंद पाडेल.

चाचणी

सगळं बसवून झालं की तारा काढून बघायच्या. आम्ही टीव्ही चालू ठेवून आधी मजल्याची एक तार काढतो, मग कीपअलाइव्ह (चित्र हलता कामा नये), ती परत जोडून मग पीअर लिंक, आणि शेवटी एका स्विचची वीज. प्रत्येक वेळी चित्र किती सेकंद थिजलं ते लिहून ठेवायचं. स्विच गेल्यावर होणारी गडबड सगळे तपासतात. तो परत येताना काय होतं ते कोणी बघत नाही, आणि खोडी तिथेच असते. व्हीपीसी पोर्ट आधी उभे राहिले आणि राउटिंग मागून आलं तर मधल्या वेळात त्या स्विचकडे गेलेली वाहतूक खड्ड्यात पडते. त्यासाठी डिले रिस्टोर नावाचा थांबा असतो. तो तुमच्या राउटिंगला सावरायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा.

घरातही हे सगळं छोट्या प्रमाणात असतं. काही इंटरनेट कंपन्या टीव्हीच्या वाहिन्या मल्टिकास्टने देतात. मधे साधा, स्नूपिंग नसलेला स्वस्त स्विच लावला तर तो प्रवाह घरभर, वायफायवरसुद्धा पसरतो. वायफायवर मल्टिकास्ट अगदी मंद गतीने जातं, त्यामुळे टीव्ही लावला की लेकाचा लॅपटॉप रडतो. अशा ठिकाणी टीव्हीचा बॉक्स सरळ राउटरलाच जोडावा. मेश वायफायचे डबे तारेने जोडले असतील तर ते एकमेकांशी हवेतूनही बोलत नाहीत ना ते बघावं, तोही लूपच. आणि मंडळाच्या कार्यक्रमाला हॉलमधे मोकळी लोंबणारी तार दिसली तर ती "सुटलेली दिसते" म्हणून जवळच्या भोकात खुपसू नका. तिचं दुसरं टोक बहुधा त्याच स्विचमधे असतं, आणि तशा छोट्या स्विचमधे स्पॅनिंग ट्री नसते.